माझे पाय कुठे गेले?

बालमित्रांनो, मागच्या वेळी आपण उन्हातले आणि सावलीतले फोटो काढून पाहिले. आज कात्री घेऊन बसायचं आहे. घाबरू नका, खरी कात्री नको. कॅमेऱ्यातून माणसाकडे पाहिलं की आपण त्याला चौकटीत बसवतो. चौकट छोटी, माणूस मोठा. मग कुठेतरी कापणं आलंच. डोकं ते छाती ठेवायचं, की कंबरेपर्यंत, की पावलांसकट सगळं? हा काप कुठे घ्यायचा, ते आज पाहू.

आधी आईकडून एक दहा रुपयांची नोट मागून घ्या. (पाहून झाली की परत करा!) नोटेवर गांधीजी हसताहेत. हे चित्र कुणी नोटेसाठी मुद्दाम काढलेलं नाही. तो एक फोटो आहे, १९४६ सालचा. दिल्लीच्या व्हाइसरॉय हाउसमध्ये, म्हणजे आजच्या राष्ट्रपती भवनात, तो काढला गेला. मूळ फोटोत गांधीजी एकटे नाहीत. शेजारी ब्रिटिश मंत्री लॉर्ड पेथिक-लॉरेन्स उभे आहेत. त्या फोटोतून गांधीजींचा चेहरा आणि खांदे तेवढे घेतले, आणि १९९६ पासूनच्या नोटांवर ते आले. रोज हजारो हातांतून फिरणारा हा फोटो म्हणजे एका मोठ्या फोटोचा तुकडा आहे. तुकडा असूनही तो तुटलेला वाटत नाही. का बरं?

त्याचं उत्तर मला माझ्या आजीने शिकवलं. ती शाळेत गेलेली नव्हती.

आजीला आमचं सगळं घर 'माय' म्हणायचं. मी सातवी-आठवीत असताना वडिलांनी रोलचा कॅमेरा आणला होता. एका रोलमध्ये छत्तीस फोटो, त्यामुळे एकेक फोटो जपून काढायचा. बालाजीच्या रथोत्सवाच्या दिवशी माय नवं लुगडं नेसून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मना उभा फोटू काढ." मी डोळा लावला. डोक्यापासून पावलांपर्यंत माय छान दिसत होती. खटका दाबला. पंधरा दिवसांनी फोटो धुऊन आले. मायने चष्मा पुसला, फोटो लांब धरला, जवळ धरला आणि विचारलं, "मना पाय कथा गयात वं?" माझे पाय कुठे गेले गं?

खरंच, पाय घोट्यापाशी संपले होते. पावलं नाहीत, जोडवी नाहीत. जणू माय दोन खुंटांवर उभी होती. मी रडकुंडीला आले. "मला तर दिसत होते!" दिसत होते हे खरंच होतं. त्या साध्या कॅमेऱ्यात ज्या खिडकीतून आपण पाहायचो ती वेगळी असायची, आणि ज्या भिंगातून फिल्मवर प्रकाश पडायचा ते वेगळ्या जागी असायचं. दोघांना दिसणारं चित्र तंतोतंत एक नसतं, आणि माणूस जवळ असेल तर फरक वाढतो. आता मोबाइलवर जे दिसतं ते भिंगातूनच आलेलं असतं, त्यामुळे ही सबब तुम्हाला मिळणार नाही!

माय मात्र हटून बसली. ज्या पायांनी जन्मभर शेत तुडवलं तेच फोटोत नाहीत, मग हा फोटो माझा कसा, असं तिचं म्हणणं. पुढच्या रोलमध्ये पहिला फोटो तिचा, पावलांच्या खाली वीतभर उंबरठा सोडून.

आता गंमत अशी, की त्याच रोलमध्ये वडिलांचा एक फोटो होता, अर्ध्या मांडीपर्यंतच आलेला. तो पाहून "पाय कुठे गेले" असं कुणीच विचारलं नाही. मायनेही नाही.

पुढे मी शिक्षिका झाले तेव्हा चौथीच्या वर्गात एक प्रयोग केला. फळ्यावर एक माणूस काढला आणि गुडघ्यापासून खाली सगळं पुसून टाकलं. मुलं म्हणाली, "मॅडम, याला पाय नाहीत." मग पाय पुन्हा काढले आणि या वेळी मांडीच्या मध्यापासून खाली पुसलं. मुलं म्हणाली, "मॅडम, चित्र अर्धंच आहे." दोन्ही वेळा पाय पुसलेलेच! पण पहिल्या वेळी माणूस अपुरा वाटला, दुसऱ्या वेळी चित्र अपुरं वाटलं.

याचं कारण सांधा. गुडघा, घोटा, कोपर, मनगट, मान या शरीरातल्या वळण्याच्या जागा. तिथे अवयवाचा एक भाग संपतो आणि दुसरा सुरू होतो. चौकटीची कड नेमकी तिथे आली की डोळ्याला वाटतं, संपलंच इथे. कड मांडीच्या किंवा दंडाच्या मधोमध आली तर मांडी अर्ध्यात थांबत नसते हे डोळ्याला ठाऊक असतं, म्हणून तो उरलेला पाय मनानेच पुढे नेतो. तेव्हा कापायचं ते दोन सांध्यांच्या मध्ये. छातीवर चालेल, कंबरेच्या थोडं वर किंवा थोडं खाली चालेल, मांडीच्या मध्यावर चालेल. पोटरीवर कापायलाही काही जण हरकत घेत नाहीत. मला स्वतःला तो काप आवडत नाही, पावलांपर्यंत इतकं जवळ आलो तर पावलंच का सोडा? बोटांचं तर विचारूच नका. हात चौकटीत आहे आणि बोटांची टोकं बाहेर, हा फोटो पाहिला की माझीच बोटं दारात सापडल्यासारखी होतात.

परदेशी सिनेमात घोड्यावरचे, कमरेला पिस्तूल लावलेले काउबॉय तुम्ही पाहिले असतील. त्यांना पडद्यावर बऱ्याचदा मांडीच्या मध्यापर्यंत दाखवत. कंबरेवरच कापलं तर पिस्तूल दिसणार कसं? फ्रेंच लोकांनी त्या चौकटीला 'अमेरिकन शॉट' असं नावच देऊन टाकलं.

हे घरी करून पाहा. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदातून काटकोनाच्या दोन पट्ट्या कापा. त्या समोरासमोर ठेवल्या की मध्ये एक चौकट तयार होते, हवी तेवढी लहान-मोठी करता येणारी. वर्तमानपत्रातल्या खेळाच्या पानावर ती फिरवा. फलंदाजाला गुडघ्यावर कापा, मग बोटभर वर सरका. बॅट धरलेल्या मनगटावर कापा, मग कोपराच्या वर या. फोटो कापायचा नाही, कागद फक्त सरकवायचा. दहा मिनिटांत डोळ्याला सवय होते.

मांडी घालून बसलेल्या माणसाचे गुडघे दोन्ही बाजूंना चांगले लांब जातात, ते कडेला छाटले जाण्याची फार शक्यता, तेव्हा थोडं मागे सरका. आणि चेहरा अगदी जवळून घ्यायचा असेल तर डोक्यावरचे थोडे केस कापले गेले तरी चालतं, हनुवटी कधी कापू नये.

एक गोष्ट जरा जपून. एखाद्याचा हात किंवा पाय खरोखरच नसेल, तर 'बरं दिसणार नाही' असं आपल्या मनाने ठरवून तो भाग चौकटीबाहेर टाकू नका. त्यालाच विचारा. फोटो त्याचा आहे.

वर्गाच्या फोटोत माझ्या हातून एकदा चूक झाली. पोरं दाटीवाटीने उभी केली, अगदी चौकटीच्या दोन्ही कडांपर्यंत. चार बाय सहा इंचाच्या प्रतीत सगळे नीट आले. मग वर्गात लावायला आठ बाय दहाची मोठी प्रत करून आणली, तर डाव्या टोकाची मुलगी अर्धी आणि उजव्या टोकाचा मुलगा नुसता कान! हिशोब तुम्हीच करा. चार बाय सहा दुप्पट केलं की आठ बाय बारा होतं. आठ बाय दहाच्या कागदावर दोन इंच जास्तीचे. ते दोन्ही बाजूंनी एकेक इंच गेले. आणि टोकाला उभी कोण असतात? बहुतेक बुजरी मुलं, मधल्या जागेसाठी न भांडणारी. ती प्रत मी भिंतीवर लावलीच नाही. पुन्हा फोटो काढला, दोन्ही बाजूंना हातभर जागा मोकळी ठेवून. त्या मुलीला मी या वेळी मधे बोलावलं, तर ती म्हणाली, "मॅडम, मी इथंच बरी."

चौकटीच्या कडेला काय येऊ द्यायचं याचा विचार जन्मभर केलेला एक माणूस आपल्याच जळगाव जिल्ह्यात होऊन गेला. चाळीसगावचे केकी मूस. जन्म १९१२, निधन १९८९. विलायतेत शिकून आलेला हा कलावंत चाळीसगावात रेल्वे स्टेशनजवळच्या आपल्या घरात राहिला आणि जवळजवळ पन्नास वर्षं घराबाहेर क्वचितच पडला. त्यांनी व्यक्तिचित्रं टिपली, आणि त्यांचं मोठं नाव झालं ते टेबलटॉप छायाचित्रणासाठी. म्हणजे मेजावर छोट्या छोट्या वस्तू मांडायच्या, प्रकाश सोडायचा आणि खरं भासणारं दृश्य उभं करायचं. अशा फोटोत चुकून काही येत नाही आणि चुकून काही कापलं जात नाही, कारण तिथे ठेवणारा एकच हात असतो. त्यांच्या घरात आता त्यांच्या कलेचं संग्रहालय आहे. पालकांनो, चाळीसगावला गेलात तर मुलांना घेऊन आत जाऊन या.

त्याच बाजूला आणखी थोडं पुढे गेलं की अजिंठ्याची लेणी. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातलं पद्मपाणीचं चित्र तुम्ही पुस्तकात पाहिलेलं असेल. मान किंचित कललेली, डोळे खाली झुकलेले, उजव्या हातात कमळ. जागा वाचवायची म्हणून कुणी कुणी नुसता चेहराच छापतात. चेहरा सुंदर आहे, प्रश्नच नाही. पण पद्म म्हणजे कमळ आणि पाणी म्हणजे हात. हात कापला की पद्मपाणी हे नावच त्याला लागू पडत नाही! सांध्यांचा नियम पाळून, सुबक कापूनही, जे महत्त्वाचं तेच बाहेर राहू शकतं ते असं.

हे मला आधी कळायला हवं होतं.

आमच्या खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा मोठा सण. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, आणि घरोघरी खापरावरचे मांडे होतात. खापर म्हणजे चुलीवर पालथं घातलेलं मातीचं मोठं भांडं. पुरण भरलेली पोळी पोळपाटावर थोडी लाटून मग हातांवर घ्यायची आणि या हातावरून त्या हातावर फिरवत मोठी करायची. माय करायला बसली की पोळी तिच्या कोपरापर्यंत यायची, पातळ, आरपार उजेड दिसेल अशी, आणि मग एका झटक्यात खापरावर जायची. फाटलेली मी कधी पाहिली नाही.

२०१६ च्या आखाजीला माझ्या हातात मोबाइल होता. माय चुलीपुढे बसली होती, घामाने चेहरा चमकत होता आणि कशावर तरी ती हसत होती. मी झूम केलं आणि चेहरा टिपला. फोटो फार सुरेख आला. काप छातीवर, डोक्यावर थोडी जागा, सगळं नियमाप्रमाणे. पुढच्या वर्षी माय गेली.

आता आखाजीला माहेरी पितरांची घागर भरतात तेव्हा शेजारी तो फोटो ठेवतात. दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलाने विचारलं, "आई, पणजी एवढे मोठे मांडे हातावर कसे करायची?" मी मोबाइल उघडला. फोटोच्या खालच्या कडेला पांढरट असं काहीतरी दिसतं, बोटभर. ती पोळी. तिच्याखालचे हात नाहीत. झूम करून काढलेल्या फोटोत बाहेरचा भाग साठवलेलाच नसतो, त्यामुळे तो परत मिळवायचा कुठून? दारातल्या उभ्या फोटोत मायचे हात आहेत, पण रिकामे. शेवटी मीच पोळी हातावर घेऊन दाखवायला गेले. ती मनगटापर्यंत आली आणि फाटली. मुलगा हसला, माझी वहिनीही हसली.

म्हणून आता मी काम करणाऱ्या माणसाचा पहिला फोटो थोडं लांबूनच घेते, हात, हातातली वस्तू आणि बसायची जागा सगळं येईल असा, आणि चेहरा त्यानंतर. नंतर फोटो कापायचाच असेल तर आधी एक प्रत जशीच्या तशी बाजूला ठेवते. तुम्हीही मैत्रिणीशी भांडण झालं म्हणून तिला फोटोतून कापायला निघालात, तर एक अख्खी प्रत राहू द्या. भांडण चार दिवसांचं असतं, पण कापलेला फोटो पुन्हा जोडता येत नाही.

या रविवारचा अभ्यास. घरातलं किंवा गल्लीतलं हाताने काम करणारं एक माणूस निवडा. वाती वळणारी आजी, चप्पल शिवणारे काका, पंक्चर काढणारा दादा, कुणीही. आधी त्यांना विचारा, "फोटो काढू का?" मग तीन फोटो काढा: एक सगळा, एक मांडीच्या मध्यापर्यंत, एक जवळून. तिन्ही त्यांना दाखवा आणि त्यातला कोणता त्यांना आवडला ते विचारून वहीत लिहा. तुम्हाला आवडला तोच त्यांना आवडेल असं नाही. मोबाइल मिळाला नाही तर लग्नपत्रिकेच्या पट्ट्या आहेतच, डोळ्यासमोर धरा आणि चित्र काढा.

पुढच्या वेळी पाहू, फोटो काढताना माणसाच्या मागे काय आहे ते. डोक्यातून उगवलेला विजेचा खांब कुणाकडे असेल तर तो फोटो जपून ठेवा!