एक गुंठा उसातून सोडा

दारात ऊस उभा आणि घरची बाई आठवडी बाजारातनं पावशेर गवार आणते, हे बागायतदाराला शोभत नाही असे आमचे स्पष्ट मत आहे. एकरातल्या ४० गुंठ्यांपैकी एक गुंठा, म्हंजे ३३ फूट लांब-रुंद तुकडा, भाजीला सोडावा.

फेब्रुवारीतच कुजलेले शेणखत घालून वाफे करावेत. भेंडीचे बी रात्रभर भिजवून टोकावे. दीड-दोन महिन्यांत तोडा सुरू होतो. गवार, चवळी सोबत लावावी. दोडका, कारले मोरीच्या पाण्यावर कुंपणाला चढवावे. पाचट जाळू नये, भाजीच्या ओळींत अंथरावे. उन्हाळ्यात ओल टिकते. उसाला तणनाशक मारलेला पंप मात्र भाजीला लावू नये. २,४-डीचा अंश राहिला तरी भेंडी नि वेल आखडतात.

बी बायका लावतीलच. पण पाण्याची पाळी आम्हा पुरुषांच्या हाती असते आणि ऊस भिजवण्याच्या नादात वाफे कोरडे राहतात. खरी अडचण ती आहे. पाळीतली पंधरा मिनिटं भाजीला दिलीच पाहिजेत. उसाचे बिल मागंपुढं होईल; पोरांचे ताट थांबत नाही.