आधी मागची चाकं!

वळणावर वेग जरा जास्त झालाय असं वाटलं, की तुम्ही काय करता? अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलता. कुणीही तेच करेल. पण १९६२ साली इंग्लंडमध्ये आलेल्या ट्रायम्फ स्पिटफायर या छोट्या, देखण्या स्पोर्ट्स कारमध्ये नेमकं हेच अंगाशी येऊ शकायचं.

कारण मागच्या सस्पेन्शनमध्ये होतं. मधल्या डिफरन्शियलवर एक आडवा पाटा घट्ट बसवलेला आणि दोन्ही बाजूंचे अ‍ॅक्सल फक्त आतल्या टोकाला हलणारे, खांद्यातून हलणाऱ्या हातांसारखे. जोरात वळताना पाय उचलला की गाडीचा मागचा भाग वर यायचा आणि बाहेरच्या बाजूचं चाक खाली दुमडायचं. टायर जेमतेम कडेवर टेकायचा, पकड सुटायची आणि गाडीची शेपटी फिरायची. ज्या हेराल्डवरून स्पिटफायर बेतली, ती १९६१ पासून मद्रासमध्येही 'स्टँडर्ड हेराल्ड' म्हणून बनायची. मागची रचना तीच, पण ती बेताच्या वेगाची घरगुती गाडी. तीच रचना स्पोर्ट्स कारखाली आली, की दोष जास्त बोचतो.

आज अशी गाडी हाती आली तर काय कराल? बरेच जण आधी इंजिनाची ताकद वाढवतील. दुसरा गट म्हणेल, क्लासिक आहे, एक बोल्टही बदलू नका. मला दोन्ही पटत नाही. वळणावर दगा देणाऱ्या गाडीला जास्त वेग देणं हा वेडेपणा आहे. आणि 'ओरिजिनल'च्या नावाखाली दोष जपण्यात कसली निष्ठा? तो दोष तर खुद्द कंपनीनेच सुधारला होता!

१९६८ मध्ये स्पिटफायरच्या थोरल्या भावंडाला, जीटी६ला, मागे खालच्या बाजूने विशबोन देऊन चाकं ताळ्यावर आणली. उपाय उत्तम, पण खर्चिक. म्हणून १९७० च्या स्पिटफायर मार्क ४ साठी साधा मार्ग निघाला. पाट्यांच्या संचातला एकच पाटा घट्ट बांधायचा, बाकीचे मधोमध मोकळे झुलू द्यायचे. गाडी कलली तर मागचा भाग आता तेवढा उचलला जात नाही, चाक दुमडत नाही. हा पाटा जुन्या स्पिटफायरलाही बसवता येतो, आणि मूळ पाटा जपून ठेवला तर कधीही परत लावता येतो.

पण गंमत पुढेच आहे. मोकळ्या पाट्यामुळे मागून कलण्याला होणारा विरोध कमी होतो. तो भरून काढायला पुढचा अँटी-रोल बार जाड लावावा लागतो. कंपनीनेही तेच केलं. नुसता पाटा बदललात, तर काम अर्धंच झालं!

स्पिटफायर आपल्यापैकी किती जणांना मिळेल, माहीत नाही. पण कॉलेजच्या पार्किंगमध्ये मॉडिफाय केलेल्या बाइक रोज दिसतात. कुणी मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावतं, कुणी रुंद टायर, कुणी बाइक खाली बसवतं. लावा की! पण आधी दोन प्रश्न विचारा: माझ्या गाडीचा कच्चा दुवा कोणता? आणि हे बदललं, तर आणखी काय बदलावं लागेल? उत्तर माहीत नसेल, तर पाना खाली ठेवा. वळणावर 'लूक' कामाला येत नाही, टायरची पकडच येते.