शेर वजनाचा की मापाचा?

संपादक महोदय,


पायलीचे लिटर करून दाखवणारे पत्र मागच्या अंकात वाचले. शेर 933 ग्रॅमचा, पायलीत चार शेर, म्हणून पायली 3.73 लिटर, असा त्यातला हिशेब. गुणाकार बरोबर, शेर भलताच. 933.10 ग्रॅम हा 80 तोळ्यांचा वजनी शेर. इथे दिल्लीच्या बाजारात तोच चाले. आपल्या पायलीतला शेर मापी: दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर. त्यात काय भरले यावर वजन ठरणार. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर पोहे तराजूत सारखे कसे उतरतील? शिवाय माप सपाट की शीग लावून, याचा पत्रात पत्ता नाही. (देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे शिगेवर एकमत झालेले कोणी पाहिले आहे?) घरात जुनी पितळी पायली असेल तर ती पाण्याने भरावी आणि ते पाणी लिटरने मोजावे.

जुन्या कोष्टकातल्या 4.54596 लिटरच्या गॅलनला पत्रलेखकांनी छपाईची चूक ठरवले, तेही पटत नाही. 1964 पर्यंत लिटर म्हणजे एक किलो शुद्ध पाण्याचे आकारमान, 1.000028 घन डेसिमीटर. त्या वर्षी लिटर नेमका एक घन डेसिमीटर ठरला, आणि तोच ब्रिटिश गॅलन 4.54609 लिटरचा झाला. अमेरिकी गॅलन वेगळा, 3.785 लिटरचा, गुरुग्राम-नोएडात तिकडच्या पाककृती करून पाहणाऱ्यांनी तेवढे जपावे.

आपला,
एक वाचक, करोल बाग, नवी दिल्ली