पर्ची, पोलीस आणि मोबाईलमधले महाराज

आमच्या घरात अंधश्रद्धेला थारा नाही, हे मी आजवर चारचौघांत छाती काढून सांगत आलो. कॉलेजात असताना श्याम मानवांचं व्याख्यान ऐकलं होतं, तेव्हापासून काकूने आणलेला अंगारा कपाळाला लागू दिला नाही. अशा या विवेकी माणसाची मागच्या महिन्यात जी फजिती झाली, ती सांगतो.

बाबांच्या बीपीच्या गोळ्या डॉक्टरांनी बदलल्या. जुनी बंद करायची की दोन्ही घ्यायच्या, ते चिठ्ठीवरून कळेना. रात्रीचे साडेनऊ वाजलेले. आत्ता डॉक्टरांना कुठे त्रास द्यायचा, म्हणून दोन्ही नावं मोबाईलमधल्या एआयला टाईप करून विचारली. त्याने छान मराठीत, बाबांच्या वयाची काळजीबिळजी करत सांगितलं, दोन्ही चालतील. मी पाणी आणायला उठलोसुद्धा. आई म्हणाली, "मेडिकलवाल्याला तरी विचारून ये, उघडा असेल अजून."

मेडिकलवाल्याने पाकिटं उलटी करून बारीक अक्षरं वाचली. "भाऊ, एकच औषध आहे हे. कंपनी तेवढी वेगळी." म्हणजे मी बाबांना दुप्पट डोस देणार होतो!

यंत्र चुकलं याचं मला फारसं काही वाटलं नाही. माणसंही चुकतात. पण 'तुला हे कसं कळलं?' हा प्रश्न माझ्या मनातही आला नाही, हे मात्र लागलं. कारण हा प्रश्न म्हणजे आमच्या नागपूरची जुनी खोड. १९८२ साली अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती इथेच सुरू झाली. जानेवारी २०२३ मध्ये बागेश्वर धामचे धीरेंद्र शास्त्री रेशीमबागेत कथेला आले होते. समोरच्याने तोंड उघडायच्या आत त्याची अडचण पर्चीवर लिहिलेली असते, ही त्यांची ख्याती. मानवांनी आव्हान दिलं की आमच्या अटींवर करून दाखवा, ३० लाख देतो. शास्त्रींनी त्यांना रायपूरला बोलावलं, आणि नागपुरात ती परीक्षा झालीच नाही. पोलिसांनाही कायद्याविरुद्ध काही आढळलं नाही. असो. तो वाद मला इथे उकरायचा नाही. मला आठवते ती त्यातली 'आमच्या अटींवर' ही अट. ती मी मोबाईलला घातलीच नाही. उत्तर मनासारखं आलं आणि मी हात जोडले.

तुम्ही म्हणाल, एआय कसं चालतं हे लोकांना समजावून सांगा, म्हणजे भक्ती आपोआप ओसरेल. जोसेफ वायझेनबॉम यांनाही असंच वाटलं होतं. अमेरिकेतल्या एमआयटीत त्यांनी 'एलायझा' नावाचा गप्पा मारणारा प्रोग्राम केला, त्यातली युक्ती १९६६ साली छापून उघड केली, आणि युक्ती कळली की जादू संपते असंही म्हटलं. पण त्यांची सेक्रेटरी, जिने तो प्रोग्राम बनताना पाहिला होता, तीच त्याच्याशी बोलताना वायझेनबॉमना म्हणाली की जरा खोलीबाहेर जाता का. मलाही ठाऊक आहे की हे यंत्र पुढचा शब्द अंदाजाने जुळवतं. त्या रात्री ते ठाऊक असण्याचा काय उपयोग झाला, सांगा.

आता दुसरी बाजू. २०२४ साली राज्य सरकारने पोलिसांसाठी एआयची कंपनी काढली, तीही नागपुरातच. नाव 'मार्व्हल', म्हणजे चक्क चमत्कार! २०२५ च्या राखी पौर्णिमेला देवलापारजवळ ट्रकच्या धडकेने एक बाई गेली. कोणी थांबेना, म्हणून नवऱ्याने तिचा मृतदेह मोटारसायकलला बांधून नेला. त्याला आठवत होतं एवढंच, ट्रक मोठा होता आणि त्यावर लाल खुणा होत्या. पोलिसांनी तीन टोलनाक्यांचं चित्रण मार्व्हलच्या प्रणालीत घातलं, लाल खुणांचे ट्रक वेगळे काढले, मग त्यांच्या सरासरी वेगावरून माग काढला. दीड दिवसात ट्रक सापडला, सुमारे ७०० किलोमीटरवर, ग्वाल्हेर-कानपूर रस्त्यावर. बातम्यांनी एआयची कमाल म्हणून डोक्यावर घेतलं. मला आवडलं ते वेगळंच. यात प्रत्येक पायरीला 'कसं?' विचारता येतं आणि उत्तर मिळतं. उद्या भलताच ट्रक निघाला, तर त्याच्या ड्रायव्हरलाही ते विचारता आलं पाहिजे.

घरी आल्यावर आईला विचारलं, तुला शंका कशी आली? ती भाजी निवडत होती. "त्यानं पाकीट पाहिलं होतं का?" म्हणाली. बाबांनी एकच गोळी घेतली आणि झोपले.