एका पेपरावर निकाल नको

ऐन उन्हाळ्यातली गोष्ट. चिंचोळी एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या एका पालकांच्या घरी गेले होते. वडील पहिल्या पाळीला गेलेले, घरात तीन दिवसांचं बाळ. दारात आशाताई उभ्या होत्या आणि दादी त्यांना सांगत होत्या, "कालच दवाखान्यातून आलोय. सगळं ठीक आहे, नंतर या." आत खालाजान मोबाईल दाखवत होत्या, "हे बघा, संशोधनात सिद्ध झालंय. उन्हाळ्यात बाळाला पाणी पाजावं."

बहिणींनो, "संशोधन" हा शब्द आला की आपण गप्प बसतो. पण कुठलं संशोधन? किती जणांनी केलेलं?

आशाताई घरोघरी का येतात, ते पाहू. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. वजन घेणं, बाळाला उबदार ठेवणं, आजाराची लक्षणं ओळखणं. शेजारच्या 47 गावांशी तुलना केली, तर तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी दिसले. 1999 मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं.

पण एका जिल्ह्यात जमलं ते सगळीकडे जमेल का? म्हणून अभ्यासकांनी दक्षिण आशियातले अशा घरभेटींचे पाच प्रयोग शोधून एकत्र तपासले. 2010 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात निष्कर्ष आला: मृत्यूचा धोका सरासरी 38 टक्क्यांनी कमी.

62 चे 38 झाले, म्हणजे गडचिरोलीचं काम खोटं? मुळीच नाही. वर्गात एखाद्या मुलीला एका चाचणीत 62 गुण मिळाले, म्हणून मी तेवढ्यावर वर्षाचा निकाल लावत नाही. सगळ्या चाचण्या बघते. आकडा लहान होतो, पण भरवशाचा होतो. 2011 पासून आपल्या देशात आशाताईंच्या या घरभेटी सुरू झाल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी, अशा सहा.

म्हणून मोबाईलवर काही आलं तर तीन प्रश्न विचारा. हा एकच अभ्यास आहे की अनेक? सगळे घेतले की सोयीचे तेवढेच? आणि तो आपल्यासारख्या घरांत झाला आहे का?

मी दादींना एवढंच म्हटलं, "दादी, आज तिसरा दिवस. त्या मोजूनमापून आल्यात." दादींनी त्यांना आत घेतलं. आशाताईंनी हात धुतले, बाळाचं वजन केलं, अंग गार तर नाही ना पाहिलं. पाण्याचं विचारल्यावर म्हणाल्या, "आईच्या दुधातच पाणी आहे. सहा महिने वरचं काही नको, सोलापूरच्या उन्हातसुद्धा."

खालाजाननी तो मेसेज पुढे पाठवला नाही.