शेवटच्या पिकाचे जमीनदार

डोटा २ च्या रँक्ड ऑल पिकमध्ये हिरो निवडायची रीत साधी आहे. दोन्ही बाजूंचे आधी दोन-दोन, मग दोन-दोन, शेवटी एकेक. मी सपोर्ट खेळतो, त्यामुळे पहिल्या फेरीत मान पुढे करायची ती मी, हे न विचारताच ठरलेलं. आमचा मिडवाला शेवटच्या पिकाची जहागीर सांभाळून बसलेला असतो. नागपूरचा मे महिना, माइकवर त्याच्या कूलरची घरघर आणि मधूनच हुकूम: "तू घे ना बे आधी, मले काउंटर पाहू दे."

पाहतो काय? समोरचे चार हिरो उघडे पडतात, घड्याळ संपत येतं आणि भाऊ रोजचाच शॅडो फिंड घेतो. अरे, मग थांबला होतास कशाला?

दुसरी जात याहून भारी. पहिल्याच फेरीत मीपो लॉक! मीपोचा एक देह मेला की सगळे मरतात, आणि अर्थशेकरच्या एको स्लॅमला आसपास जितकी जास्त गर्दी तितका मार जास्त. हे समोरच्या पोरालाही ठाऊक असतं, तो मुकाट्याने अर्थशेकर घेतो. मग इकडे बोंब: सपोर्टनं बॅन का नाही केला? बॅन सुचवायचा हक्क तुलाही होता ना, राजा!

पण कोणासमोर कोण याची यादी पाहून काउंटर उचलणाऱ्यांचीही आरती ओवाळायला नको. गर्दीत उडी मारून देणाऱ्या ब्लिंक डॅगरला २२५० सोनं लागतं. ते जमेपर्यंत अर्थशेकर पायीच फिरतो, आणि जमल्यावरही उडी कधी मारायची हे यादीत लिहिलेलं नसतं. हस्करसमोर एन्शंट अ‍ॅपॅरिशन घ्या, आइस ब्लास्टनं त्याचं बरं होणं थांबतं, हे खरं. पण तो नेम लागावा लागतो. २०१५ च्या इंटरनॅशनलच्या अंतिम सामन्यात ईव्हिल जीनियसेसनं रोशनच्या खड्ड्यात सीडीईसीला गाठलं ते याच दोन हिरोंनी, आइस ब्लास्टवर एको स्लॅम. निवड तर आपल्या लॉबीतही रोज होते. नेम कोण धरतो? जो हिरो हातात बसलेला नाही, तो काउंटर म्हणून घेणं म्हणजे समोरच्याला दिलेली भेट.

लवकर घ्यायचा हिरो जागा लपवणारा हवा. मिराना घ्या: ती सपोर्ट की मिड, समोरच्यानं डोकं खाजवत बसावं. २०१९ ला शांघायच्या इंटरनॅशनलमध्ये ओजीच्या अ‍ॅनानं आयो कॅरी म्हणून खेळला. तोवर जग आयोला सपोर्टच समजत होतं. आयो दिसला म्हणून काउंटर कशाचा घेणार, सपोर्टचा की कॅरीचा?

बुद्धिबळात पहिली चाल मिळणं हा फायदा मानतात, आमच्या लॉबीत ती शिक्षा आहे. आणि नंतर चाल आली तरी जिंकायचं स्वतःलाच असतं. आपल्याच गावची दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये बातुमीला महिला विश्वचषकाच्या टायब्रेकमध्ये काळ्या मोहऱ्यांनी कोनेरू हम्पीला हरवून आली. आमचा मिडवाला समोरचे चार हिरो उघडे पाहूनही दहाव्या मिनिटाला तीनदा मेलेला असतो आणि चॅटमध्ये लिहितो, "ड्राफ्टच हरला होता."

ड्राफ्टमधला शेवटचा पिक कोणाचा होता, भाऊ?