हातातून होते, मग पायातून का?

अँजिओग्राफी करून घरी आलेल्याला पाहुणे हमखास विचारतात, ‘हातातून केली की पायातून?’ प्रश्न भाबडा वाटतो, पण नेमका आहे.

हातातून, म्हणजे मनगटातून करण्यावर पायवाल्या डॉक्टरांचा पहिला आक्षेप असा, की मनगटाची धमनी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची. आखडते, कधी कायमची बंदही पडते. पडते, खरंच. पण तळहाताला रक्त दोन वाटांनी येतं. करंगळीकडची धमनी तिथे पहिलीला मिळते, त्यामुळे एक मिटली तरी बहुतेकांना कळतही नाही. रक्त गोठू न देणारं हेपॅरिन दिलं आणि नंतर मनगटावरचा पट्टा बेताचा आवळला, तर बंद पडण्याचं प्रमाणही घटतं. मांडीची धमनी जाड, सुई सहज लागते. पण ती खोल. टोचणी जरा वर गेली तर रक्त पोटामागे साचत राहतं. बाहेर थेंब नाही. बीपी कोसळू लागला की मग धावपळ. मनगटात खाली हाडच असतं, अंगठ्याने दाबलं तरी रक्त थांबतं.

‘आजवर पायातूनच केली, काय बिघडलं?’ हा दुसरा. मनगट आणि मांडी यांची तुलना करणाऱ्या २०११ च्या रायव्हल चाचणीत सात हजारांवर रुग्ण होते. मृत्यू, हार्ट अटॅक, पक्षाघात आणि मोठा रक्तस्राव एकत्र मोजले तर फरक पडला नाही. विरोधक इथेच वाचन थांबवतात. रक्तवाहिनीच्या मोठ्या इजा मांडीतून ३.७ टक्के होत्या, मनगटातून १.४. पुढे २०१५ च्या मॅट्रिक्स चाचणीत मृत्यूही मनगटाच्या गटात कमी निघाले.

उरला ‘हात बसलेला नाही’. मॉन्ट्रियलच्या काम्पो यांनी मनगटातून केलेल्या अँजिओग्राफी १९८९ मध्ये प्रसिद्ध केल्या. अ‍ॅमस्टरडॅमच्या किमनाय यांनी १९९२ मध्ये त्याच वाटेने अँजिओप्लास्टी केली. हात बसायला आणखी किती वर्षं हवीत?

आणि वॉर्डात एकदा बघा. पाय सरळ, जांघेवर वाळूची पिशवी, कंबर धरलेली, तरी कुशीवर वळायचं नाही, लघवीलाही भांडं. शेजारचा मनगटाला पट्टा बांधून बसलाय, दुसऱ्या हाताने चहा पितोय.

अपवाद आहेत. डायलिसिसच्या उंबरठ्यावरच्या रुग्णाची मनगटाची धमनी फिस्टुलासाठी, म्हणजे डायलिसिसकरता धमनी शिरेला जोडण्यासाठी, राखावी लागते. हृदयाला आधार देणारा बलून पंप बसवायचा तर बहुधा मांडीच गाठावी लागते. संमतीपत्रावर सही करताना ‘हातातून का नाही?’ विचारल्यावर यातलं एखादं कारण मिळालं तर ठीक. ‘आमच्याकडे पायातूनच करतात’ हे कारण नव्हे.